एक कान मोकळा

वरातीत पाचशे माणसं एकच गाणं ऐकत असतात. त्यांच्यात एकच माणूस असा असतो जो एका वेळी दोन गाणी ऐकतो. पिकअपच्या हौद्यात, बेसच्या पेट्या आणि जनरेटर यांच्यामध्ये उरलेल्या दोन-तीन फुटांच्या जागेत तो उभा असतो. हेडफोनचा एक कप कानावर, दुसरा कानामागे सरकवलेला. रस्त्यावर वाजतंय ते तो मोकळ्या कानाने ऐकतो आणि अजून वाजायचंय ते झाकलेल्या कानाने.

बीड जिल्ह्यात हे दृश्य शोधावं लागत नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये गावी परतली की लग्नं निघतात. केज, धारूर, वडवणी, माजलगाव, गेवराई, कुठेही जा, संध्याकाळी परण्या निघतो आणि पुढे डीजे असतो. लग्नसराई संपली की गणपती, जयंत्या, मिरवणुका. दर वर्षी डीजेवरून वादही तोच होतो. एक बाजू म्हणते बंद करा, दुसरी म्हणते आमच्याच वेळी का बंद करता. दोन्ही बाजू आवाजाबद्दल बोलत असतात. मला त्या हेडफोनबद्दल बोलायचंय. प्रश्न साधा आहे: जे सगळ्यांना नंतर ऐकू येणार आहे ते ज्याला आधी ऐकू येतं, त्याच्यावर इतरांपेक्षा वेगळी जबाबदारी येते का?

त्यासाठी आधी मिक्सर समजून घेऊ.

मिक्सरवरची प्रत्येक उभी पट्टी म्हणजे एक चॅनल, म्हणजे एका गाण्याची वाट. सगळ्यात वर गेनचं बटण, काही मिक्सरवर त्याला ट्रिम म्हणतात. गाणं मुळात किती जोरात आत येतंय ते इथे ठरतं. एक गाणं हळू रेकॉर्ड झालेलं असतं, दुसरं कर्कश. दोन्हीचे मीटरवरचे दिवे साधारण सारख्या उंचीला आणायचं काम गेनचं. त्याखाली हाय, मिड आणि लो अशी तीन बटणं. त्याखाली क्यूचं बटण. आणि सगळ्यात खाली वर-खाली सरकणारा फेडर.

खरी गंमत क्यू आणि फेडर यांच्यात आहे. गाण्याचा सिग्नल फेडरपर्यंत पोचायच्या आधीच त्याला फाटा फुटतो. एक फांदी फेडरमधून मास्टरकडे, तिथून ॲम्प्लिफायरला आणि मग रस्त्यावर जाते. दुसरी क्यूच्या बटणातून थेट हेडफोनमध्ये येते. म्हणजे फेडर पार खाली असला, रस्त्यावर त्या गाण्याचा एक ठोकाही पोचत नसला, तरी हेडफोनमध्ये ते पूर्ण ऐकू येतं. याला ‘प्री-फेडर लिसन’ म्हणतात. फेडरच्या आधीचं ऐकणं. हेडफोनसाठी आणखी एक बटण असतं. ते एका टोकाला फिरवलं की फक्त येणारं गाणं, दुसऱ्या टोकाला फक्त रस्त्यावरचं, मध्ये ठेवलं की दोन्ही मिसळून.

मग ऑपरेटर काय करतो? येणाऱ्या गाण्याचे ठोके चालू गाण्याशी जुळेपर्यंत त्याचा वेग कमी-जास्त करतो. दोन गाण्यांचे बेस एकमेकांवर आदळले की सगळा चिखल होतो, म्हणून जाणाऱ्याचा लो उतरवत येणाऱ्याचा चढवतो. आणि मग फेडर वर नेतो. नाचणाऱ्याचा पाय मध्ये कुठेही थांबत नाही. गाणं बदललं हे त्याला चार ठोके उलटल्यावर कळतं.

ही युक्ती न्यूयॉर्कमध्ये घडली. १९६९-७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो हा डीजे तिथल्या ‘सँक्चुअरी’ नावाच्या क्लबमध्ये हेडफोनवर पुढची तबकडी ऐकून ठोके जुळवत असे. १९७१ च्या सुमारास बोझॅक कंपनीचा मिक्सर बाजारात आला आणि क्यूची सोय यंत्रातच मिळू लागली. पण ब्राँक्सच्या गरीब वस्तीतल्या पोरांना तो परवडणारा नव्हता. तिथल्या ग्रँडमास्टर फ्लॅश या इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलाने स्वतःच स्विच जोडून क्यूची व्यवस्था बनवली आणि तिला नाव दिलं ‘पीकाबू’. बाळासमोर तोंड झाकून आपण जो ‘भो’ करण्याचा खेळ खेळतो, त्याचं इंग्रजी नाव. नाव अचूक आहे. कारण त्या खेळात पुढे काय होणार हे एकालाच माहीत असतं.

इथून पुढचा प्रश्न यंत्राचा राहत नाही.

हलगी वाजवणाऱ्याला हेडफोन नसतो. हात पडला की आवाज झाला. मनात पुढचा ठेका असतो, पण तो आधी एकट्याने ऐकून, पारखून, नको वाटला तर गुपचूप टाकून देण्याची सोय त्याला नसते. शिवाय हलगीचा आवाज वाजवणाऱ्याच्या दंडात जेवढा जोर तेवढाच. दोन तास वाजवलं की दंड भरून येतो आणि आवाज आपोआप उतरतो. मिक्सरने दोन गोष्टी बदलल्या. आवाजाचा कष्टाशी संबंध तोडला, कारण फेडर वर न्यायला एका बोटाची ताकद पुरते. आणि कळणं व करणं यांच्यामध्ये एक फट तयार केली. गाणं कानात आहे, रस्त्यावर नाही. काही सेकंद का होईना, ते काय आहे हे माहीत असलेला आणि ते थांबवू शकणारा असा एकच माणूस असतो.

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधु’ला परंपरा मराठीतला आद्य ग्रंथ मानते. विवेक हा शब्द आपण हल्ली शहाणपणाच्या अर्थाने सैलपणे वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ आहे वेगळं करणं, एकात मिसळलेल्या दोन गोष्टी निवडून बाजूला काढणं. क्यूचं बटण अगदी हेच काम करतं. कल्लोळातून एक आवाज वेगळा काढून कानाशी आणून देतं. वेगळं काढल्यावर त्याचं काय करायचं हे मात्र बटण सांगत नाही.

कायद्यालाही या फटीची किंमत माहीत आहे. सदोष मनुष्यवधाच्या कलमात, जुन्या दंड संहितेच्या ३०४ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या १०५ मध्ये, हेतू आणि जाणीव वेगळ्या मोजल्या जातात. मारण्याचा हेतू नव्हता, पण या कृत्याने जीव जाऊ शकतो याची जाणीव होती, एवढ्यानेही माणूस दोषी ठरतो. शिक्षा कमी होते, पण दोष उरतो. म्हणजे ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ हे अर्धंच उत्तर आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा की तुला काय माहीत होतं? आणि ज्याच्या कानावर हेडफोन होता त्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

इथवर हिशोब सरळ वाटतो. ज्याला आधी कळतं, तो जबाबदार. पण पिकअपवर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे नीट पाहिलं की हिशोब बिघडतो.

गाडी बहुधा कर्जावर असते. बेस, टॉप, ॲम्प्लिफायर, शार्पी लाइट सगळं हप्त्यांवर. वर्षाचे मोजके महिने काम. सुपारी ठरली, इसार घेतला, की पुढचे पाच तास गाडी ज्याने इसार दिला त्याची. समोर पन्नास पोरं घामाने भिजून ‘वाढव, वाढव’ म्हणत असतात. त्यांना नाही म्हणावं तर उरलेले पैसे बुडतात, कधी काचा फुटतात. आणि पोलीस आले की जप्त होतो मिक्सर. ज्यांचे फोटो बॅनरवर असतात ते तोवर घरी गेलेले असतात.

पैसे आधी उचललेल्या माणसाला नाही म्हणता येतं का, हा प्रश्न बीडला नवा नाही. मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याला गेलेल्या प्रत्येक कोयत्याने तो सोसलेला आहे. उचलीत माणसाचे कष्टच बांधले जातात असं नाही, त्याचा नकारही गहाण पडतो. डीजेचा इसार रकमेने लहान, पण जात तीच.

म्हणजे या रचनेत एक विचित्र गोष्ट आहे. ज्याला आधी कळतं त्याच्याकडे ताकद सगळ्यात कमी, आणि ज्यांच्याकडे ताकद आहे ते हेडफोनला हात लावत नाहीत. मंडळाचा अध्यक्ष गाण्यांची यादी बघत नाही, नवरदेवाचा मामा आवाज किती ठेवायचा ते ठरवत नाही, वर्गणी देणारा पुढारी मार्ग विचारत नाही. दुसऱ्या दिवशी काही झालं तर सगळे खरंच म्हणू शकतात की आम्हाला कल्पना नव्हती. पण ते अज्ञान आपोआप आलेलं नसतं. ते राखलेलं असतं. ज्याला हेडफोन घालता आला असता आणि ज्याने तो मुद्दाम घातला नाही, त्याचं न ऐकणं हीसुद्धा त्याचीच कृती आहे. माझ्या मते ऑपरेटरच्या ऐकण्यापेक्षा ती जास्त जड आहे, कारण ऑपरेटरच्या नकाराला किंमत मोजावी लागली असती आणि यांच्या नकाराला काहीच लागली नसती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही रचना मला ओळखीची वाटते. आमच्याकडे कुठलीही गोष्ट लोकांपर्यंत जायच्या आधी एका बंद जागी चालवून पाहतात. ती आमची क्यू. एखादं बटण माणसाला फसवून पैसे भरायला लावणार आहे, हे सगळ्यात आधी तिथे दिसतं, आणि बघणारा बहुधा टीममधला सगळ्यात नवा पोरगा असतो. त्याच्याकडे वाक्य तयार असतं: तिकिटात लिहिलं होतं तेच केलं. आणि ज्याने तिकीट लिहिलं तो म्हणतो, मी ते चालवून पाहिलं नव्हतं. दोन्ही वाक्यं खरी असतात. पण ज्याचं नुकसान झालं त्याच्या बाजूने पाहिलं तर दोन खरी वाक्यं मिळून एक मोठं खोटं तयार होतं, ते म्हणजे हे कोणीच केलं नाही.

तर मग ऑपरेटर सुटला का? पूर्ण नाही. कारण आपण सगळ्यांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आहे. मिरवणूक कितीही रंगात असो, मागून ॲम्ब्युलन्स आली की फेडर खाली येतो. पोरं बाजूला होतात, कोणी काच फोडत नाही, कोणी पैसे कापत नाही. आवाज कमी करणं शक्यच नव्हतं, हा दावा तिथे कोसळतो. शक्य होतं. फक्त कारण सगळ्यांना दिसणारं असावं लागलं. ॲम्ब्युलन्सचा दिवा दिसतो. पत्र्याच्या घरातली बाळंतीण दिसत नाही.

आणि इथे हेडफोनची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. हेडफोनमध्ये गाण्याचे शब्द कळतात, ठोका कळतो. ते गाणं रस्त्यावर काय करणार ते कळत नाही. पन्नास हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. तिला भिंत अडवत नाही. पत्रे थरथरतात, भांडी वाजतात, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडतं. यातलं काहीही हेडफोनच्या इंचभर पडद्यात मावत नाही. मिक्सरच्या मीटरवरचे हिरवे-लाल दिवेसुद्धा वायरमधला सिग्नल मोजतात, समोरच्याचा कान मोजत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, आणि दवाखाना, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. हे आकडे त्या मीटरवर छापलेले नसतात. डेसिबलचा हिशोबही फसवा आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट झाली, पण कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. आपलं वाटणं नेहमी घडण्याच्या मागे राहतं.

त्याहून वाईट म्हणजे ऐकणारा कान स्वतःच बदलत जातो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा मानतात, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. पिकअपवरचा माणूस त्यापेक्षा मोठ्या आवाजात तासन्‌तास उभा असतो, आणि त्या गदारोळात क्यू ऐकू यावी म्हणून हेडफोनही चढवतो. कान दमतो, त्याला सगळं हळू ऐकू येऊ लागतं, म्हणून तो आवाज आणखी वाढवतो. रात्री नऊ वाजता जो आवाज त्याला बरोबर वाटतो, तो सहा वाजता त्यालाच असह्य वाटला असता. सदसद्विवेक बोथट होतो तो असाच. कोणी एका दिवसात वाईट होत नाही. रोज थोडं जास्त ऐकण्याची सवय लागते आणि त्या सवयीलाच आपण योग्य म्हणू लागतो. म्हणून अनुभवी ऑपरेटर एक कान मोकळा ठेवतो. झाकलेला कान पुढे काय येणार ते सांगतो, मोकळा कान आत्ता काय चाललंय ते सांगतो. नुसत्या झाकलेल्या कानावर विसंबणारा माणूस आपल्याच गाण्यात बंद होतो.

पण हे सगळं शांततेच्या बाजूने बोलणं झालं, आणि शांतता दर वेळी निष्पाप नसते. गावात आवाज कोणी करायचा हे शतकानुशतकं जातीने ठरवलेलं होतं. हलगी वाजवायची एकाने, मिरवायचं दुसऱ्याने. कोणाची वरात गावातून जाईल आणि कोणाची गावकुसाबाहेरून, हेही ठरलेलं. नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात १ जून २०२३ च्या संध्याकाळी एका दलित तरुणाचा खून झाला. गावात लग्नाची वरात चालू होती. आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं, आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. अशा गावात भीमगीताचा फेडर वर जातो तेव्हा तो नुसता आवाज नसतो. आम्हीही या रस्त्याचे आहोत, एवढंच तो सांगत असतो. ज्यांच्या मिरवणुकांना कधी कोणी अडवलं नाही त्यांनी त्याला गोंगाट म्हणणं सोपं आहे.

मग फरक कसा करायचा? माझ्या मते उत्तर फेडरच्या हालचालीत सापडतं. गाणं सगळ्या रस्त्याला सारखं वाजत गेलं तर ते आपलं असणं सांगतं. तेच गाणं एखाद्या प्रार्थनास्थळापाशी, एखाद्या वस्तीच्या तोंडाशी, ठरावीक घरासमोर गाडी थांबवून दुप्पट झालं, तर ते दुसऱ्याला त्याची जागा दाखवतं. हे पडताळायला डेसिबल मीटर लागत नाही. फेडर कुठे वर गेला ते पाहिलं की हेतू दिसतो. आणि तो वर जाणार हे एका माणसाला काही सेकंद आधी माहीत असतं, तर ते ठरवणाऱ्यांना आदल्या रात्रीपासून.

आता हेडफोनवाला म्हणजे फक्त तो पिकअपवरचा माणूस असं समजू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेली माणसं ती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरता मर्यादित केला. अफवेचा तो मेसेज ज्याने पुढे ढकलला, त्या प्रत्येकाने तो आधी एकट्याने पाहिला होता. त्याचा ग्रुप तेव्हा शांत होता, फेडर खाली होता, क्यू चालू होती. बहुतेकांच्या मनात कोणाला मारायचं नव्हतं. पण ती फट प्रत्येकाला मिळाली होती. इथे तर इसारही कोणी घेतलेला नव्हता आणि समोर ‘वाढव’ म्हणणारंही कोणी नव्हतं. पिकअपवरच्या माणसाकडे जी सबब आहे, ती आपल्याकडे नाही.

तर मूळ प्रश्नाकडे येतो. आधी ऐकणाऱ्यावर वेगळी जबाबदारी येते का? येते. पण ती ज्ञानाच्या आणि ताकदीच्या गुणाकाराने येते, नुसत्या ज्ञानाने नाही. ज्याला कळतं पण नकार देता येत नाही, त्याच्याकडून आपण शौर्याची अपेक्षा करू शकतो, सक्ती नाही करू शकत. ॲम्ब्युलन्सपुरता का होईना, त्याच्या बोटात जेवढा नकार शिल्लक आहे, तेवढ्यापुरता तो जबाबदार आहे. उरलेली जबाबदारी ज्यांनी ऐकायचं टाळलं त्यांची.

आणि म्हणून मागणी करायचीच तर ती पिकअपपुरती थांबू नये. सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथे चहा होतो, सगळे सहकार्याचं आश्वासन देतात आणि घरी जातात. त्या टेबलावर गाण्यांची यादी, गाडीचा मार्ग, कुठे थांबणार आणि दवाखान्यासमोर आवाज किती असणार हे लिहून ठेवावं आणि त्याखाली ऑपरेटरच्या आधी मंडळाच्या अध्यक्षाची सही घ्यावी. सही केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ‘कल्पना नव्हती’ म्हणता येत नाही. लग्नातही तेच. ज्याने इसार दिला त्यानेच सांगावं की दहाला बंद, आणि बंद केल्याबद्दल पैसे कापणार नाही. एवढ्या एका वाक्याने ऑपरेटरचा गहाण पडलेला नकार त्याला परत मिळतो.

क्यूचा शोध लागला तो नाचणाऱ्यासाठी. त्याचा पाय मध्येच अडखळू नये म्हणून दुसऱ्या कोणीतरी आधी ऐकायचं, जुळवायचं, नको ते गाळायचं. मुळात ती दुसऱ्याची काळजी घेण्याची सोय आहे. ज्याच्या हातात फेडर आहे त्याने एवढंच आठवावं की रस्त्याच्या कडेच्या घरात जो जागा आहे, तोही ऐकणाऱ्यांतलाच आहे. त्याला हेडफोन मिळणार नाही. आधी काय ते आपल्यालाच ऐकावं लागेल.